जनुकाला गप्प करणारी अँटिबायोटिक्स आणि बायोफिल्म: घोडं अडलंय कुठे?

चैत्रपालवी | मंगळवार, रात्री ९:४०

आरोग्य विभागातल्या एका धाग्यावर कॅथेटरमुळे पुन्हापुन्हा होणाऱ्या लघवीच्या संसर्गावर बोलणं चाललं होतं. एकाने विचारलं होतं: कल्चरच्या रिपोर्टमध्ये औषधापुढे 'सेन्सिटिव्ह' लिहिलंय, तेच औषध पूर्ण कोर्सभर दिलं, तरी ताप परत आला, असं कसं? उत्तर लांबलचक आहे आणि तिथे अवांतर झालं असतं, म्हणून वेगळा धागा काढते. मी परळला रेणवीय जीवशास्त्रात काम करते, बायोफिल्म हा रोजचा विषय.

आधी त्या रिपोर्टबद्दल. लॅबमध्ये सेन्सिटिव्हिटी पाहतात ती द्रवात मोकळ्या पोहणाऱ्या किंवा आगरवर ताज्या वाढणाऱ्या जिवाणूंवर. कॅथेटरच्या आत तेच जिवाणू वेगळ्या अवस्थेत असतात. ते नळीला चिकटतात, स्वतःभोवती बहुशर्करा, प्रथिनं आणि पेशींमधून बाहेर पडलेला डीएनए यांचा बुळबुळीत थर तयार करतात आणि त्यात राहतात. हीच बायोफिल्म. तळाशी ऑक्सिजन आणि अन्न कमी पोचतं, त्यामुळे तिथल्या पेशींची वाढ जवळजवळ थांबलेली असते. पेनिसिलीन कुळातली औषधं जिवाणूच्या भिंतीच्या बांधकामात बिघाड करून त्याला मारतात. बांधकामच बंद असेल तर ती बिघडवणार काय? म्हणून बायोफिल्ममधल्या जिवाणूंना मारायला मोकळ्या जिवाणूंच्या शेकडो पट, काही वेळा हजार पट औषध लागू शकतं, आणि तेवढा डोस माणसाला देता येत नाही. रेझिस्टन्सचं एकही जनुक नसताना हे घडतं. रिपोर्ट बरोबरच असतो, फक्त तो वेगळ्या अवस्थेतल्या जिवाणूचा असतो.

आता मूळ विषय. पेशीत जनुकातला मजकूर आधी एम-आरएनएवर उतरतो, मग रायबोसोम तो वाचून प्रथिन बनवतो. त्या एम-आरएनएला अक्षरागणिक पूरक असा छोटा रेणू आपण बनवला आणि पेशीत पोचवला, तर रायबोसोम जिथे बसणार त्याच जागी तो जाऊन बसतो. वाचन सुरूच होत नाही. जनुक शाबूत, पण गप्प. यालाच अँटिसेन्स म्हणतात. १९७८ साली पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी कोंबड्यांच्या राउस सार्कोमा विषाणूवर डीएनएचा १३ अक्षरी तुकडा वापरून ही कल्पना दाखवून दिली. जिवाणूंना ती आधीपासूनच येते: ई. कोलाय 'मिकएफ' नावाचा छोटा आरएनए बनवून स्वतःच्याच बाह्य पटलातल्या एका प्रथिनाचं उत्पादन रोखतो, हे १९८४ मध्ये कळलं.

साधा डीएनए किंवा आरएनए औषध म्हणून टिकत नाही, शरीरातली आणि जिवाणूतली विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात. १९९१ मध्ये कोपनहेगनला पीटर नील्सन, मायकेल एगहोल्म, रॉल्फ बर्ग आणि ओले बुकार्ट यांनी पेप्टाइड न्यूक्लिइक अ‍ॅसिड, म्हणजे पीएनए बनवलं. त्यात ए, टी, जी, सी ही अक्षरं तीच, पण ती ज्या कण्यावर बसतात तो साखर-फॉस्फेटचा नसून प्रथिनासारख्या अमाइड बंधांचा. डीएनए कापणाऱ्या विकराला तो ओळखता येत नाही, प्रथिनं कापणाऱ्यालाही नाही. शिवाय या कण्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे ऋणभारित आरएनएशी तो डीएनएपेक्षा घट्ट बसतो. याचाच भाऊबंद म्हणजे मॉर्फोलिनो, पीएमओ. त्यावर आधारलेलं एटेप्लिर्सेन हे स्नायूंच्या डुशेन आजारावरचं औषध २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. म्हणजे हे रसायन माणसाच्या शरीरात जाऊन आलेलं आहे. जिवाणूंवरचं अँटिसेन्स औषध मात्र अजून एकही बाजारात नाही.

का नाही, तेच मला इथे मांडायचंय. लक्ष्य शोधणं आज अवघड राहिलेलं नाही. जिवाणूचा जीनोम हातात असला की कुठल्या जनुकाच्या सुरुवातीला कुठली दहा अक्षरं बसवायची हे संगणकावर दुपारभरात ठरतं. जर्मनीत वुर्त्सबुर्गच्या गटाने त्यासाठी 'मेसन' हे साधन खुलं ठेवलंय. अडतं ते पोचवण्यात. दहा अक्षरी पीएनएचं वजन सुमारे २,७०० डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक). ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे बाहेरून आणखी एक पटल असलेल्या (ई. कोलायसारख्या) जिवाणूच्या बाह्य पटलातल्या छिद्रांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचेच रेणू सरकतात. त्यामुळे पीएनएला एक पेप्टाइड जोडावं लागतं, जे पटलातून वाट काढतं. लियाम गुड आणि नील्सन यांनी २००१ मध्ये लायसिन-फेनिलअ‍ॅलानिन-फेनिलअ‍ॅलानिन हा क्रम तीनदा आणि शेवटी एक लायसिन असं दहा घटकांचं पेप्टाइड जोडलं, मेदाम्लं बनवण्यासाठी लागणारं एसीपी-पी जनुक बंद केलं, आणि ई. कोलाय मेले. तेव्हापासून हे जनुक या क्षेत्रात कसोटीचं लक्ष्य झालंय.

बायोफिल्ममध्ये पटलाच्या आधी तो बुळबुळीत थर येतो. पेप्टाइड धनभारित, थरातला डीएनए आणि स्यूडोमोनास या जिवाणूच्या थरातली अल्जिनेट ही बहुशर्करा ऋणभारित. औषध वाटेतच चिकटून बसतं. तरी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने स्यूडोमोनासवर पेप्टाइड जोडलेले मॉर्फोलिनो वापरले, एसीपी-पी, एलपीएक्स-सी आणि आरपीएस-जे या जनुकांविरुद्ध, आणि बायोफिल्मवरही परिणाम दिसला, उंदरांच्या फुफ्फुसातही. म्हणजे वाट बंद नाही, अरुंद आहे.

२०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२.७ लाख मृत्यू झाले असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. या संशोधनाकडे आपल्याकडे जितकं लक्ष जायला हवं तितकं जात नाही असं मला मनापासून वाटतं. डॉक्टर, लॅबवाले, रसायनवाले इथे आहेत. कृपया लिहा.

---

मुलुंडकर | मंगळवार, रात्री १०:१५

ताई, फार सोपं करून लिहिलंत. दोन प्रश्न. २००६ चं नोबेल आरएनए इंटरफिअरन्सला होतं, तेही जनुक गप्प करण्याबद्दलच ना? मग तीच पद्धत जिवाणूंवर का नाही वापरत? दुसरा प्रश्न घरातला आहे. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरतंय. इम्प्लांटवरही बायोफिल्म होते का?

---

चैत्रपालवी | मंगळवार, रात्री १०:४०

मुलुंडकर, पहिलं उत्तर: इंटरफिअरन्सला पेशीत प्रथिनांची एक यंत्रणा लागते, जी छोटा आरएनए हाताशी धरून एम-आरएनए कापते. ती प्राणी-वनस्पतींच्या पेशींत असते, जिवाणूंत नसते. म्हणून इथे रेणूला एकट्याने काम करावं लागतं: जाऊन बसायचं आणि रायबोसोमची जागा अडवायची. कापायला मदतनीस नाही, त्यामुळे घट्ट बसणं फार महत्त्वाचं, आणि पीएनए तिथेच उजवं ठरतं.

गुडघ्याचं डॉक्टर सांगतील तर बरं.

---

डॉ_माहीम | बुधवार, सकाळी ७:०५

उत्तम धागा. मी अतिदक्षता विभागात काम करतो.

मुलुंडकर, हो, इम्प्लांटवर होते. बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा त्वचेवरचा एपिडर्मिडिस. प्रमाण कमी आहे, घाबरून ऑपरेशन टाळू नका. पण झालीच तर अनेकदा इम्प्लांट काढून, मधे औषधं देऊन, दुसऱ्यांदा बसवावा लागतो. लवकर लक्षात आली तर इम्प्लांट जागेवर ठेवून रिफाम्पिसिन दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात, कारण बायोफिल्ममधल्या स्टॅफवर ते इतरांपेक्षा बरं चालतं. ऑपरेशनआधी साखर आटोक्यात आणा, दात किडला असेल तर आधी दाखवा, नाकात एमआरएसए (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ ऑरियस) आहे का तपासता येतं ते सर्जनना विचारा.

आता चैत्रपालवी, तुमच्या मुद्द्याकडे. मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणाऱ्या एनडीएम-१ जनुकावरून २०१० मध्ये, त्यातल्या 'न्यू दिल्ली' या नावासकट, केवढा वाद झाला आठवत असेल. त्याच वर्षी 'जॅपी' या आपल्या फिजिशियन मंडळींच्या नियतकालिकात हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेम गटातल्या औषधांना (मेरोपेनेम त्यातलंच) दाद न देणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ सापडल्याचं लिहिलं होतं. माहीमच्या खाडीकाठी बसून कुणी ते शोधून काढलं याचा मला अभिमान वाटतो, आणि तेव्हापासून परिस्थिती कुठे गेली ते रोज बघतो. मेरोपेनेम चालत नाही, मग कोलिस्टिन, आणि कोलिस्टिनने मूत्रपिंड जातं. मला जास्त रस यात आहे की अँटिसेन्सने ते रेझिस्टन्सचं जनुकच गप्प करता येईल का, म्हणजे जुनं मेरोपेनेम परत चालेल.

एक शंका. बायोफिल्म बनवणारं जनुक बंद केलं आणि थर सुटला, तर आतले जिवाणू रक्तात जातील. सेंट्रल लाइनवर (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर) थर असलेल्या पेशंटमध्ये ते एकदम सुटले तर मला सेप्टिक शॉक सांभाळावा लागेल.

---

चैत्रपालवी | बुधवार, सकाळी ९:३०

डॉक्टर, एनडीएम-१ वर हे झालंय. २०१७ मध्ये पेप्टाइड-मॉर्फोलिनोने एनडीएम-१ बंद करून मेरोपेनेम पुन्हा चालू लागलं, आणि संसर्ग केलेल्या उंदरांना दोन्ही एकत्र दिल्यावर ते वाचले. कोलिस्टिनला निकामी करणाऱ्या एमसीआर-१ वरही असंच काम आहे. मला ही दिशा जास्त आश्वासक वाटते, कारण इथे अँटिसेन्स रेणूला जिवाणू मारायचा नाही, एकच विकर कमी करायचं आहे. मारण्याचं काम मेरोपेनेम करतं, ज्याचा डोस, दुष्परिणाम सगळं आपल्याला तोंडपाठ आहे.

तुमची शंका रास्त आहे. थर सुटण्याचा धोका खरा आहे, म्हणून चिकटण्याची किंवा एकमेकांना निरोप देण्याची जनुकं बंद करणारा रेणू एकटा द्यायचा विचार कुणीच करू नये. सुटलेला जिवाणू पुन्हा मोकळा झालेला असतो आणि वाढू लागतो, म्हणजे त्या घटकेला साधं अँटिबायोटिक त्याच्यावर चांगलं लागू पडतं. ते आधीपासून रक्तात पुरेसं असायला हवं. क्रम चुकला तर तुम्ही म्हणताय तेच होईल.

---

सूक्ष्मदर्शी | बुधवार, दुपारी १:५०

मायक्रोबायोलॉजी लॅबमधून. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, त्रोटक असेल.

पीएनए आमच्याकडे औषध म्हणून नाही, तपासणीचा रेणू म्हणून ओळखीचं आहे. रक्ताची बाटली पॉझिटिव्ह आली की त्यात स्टॅफ ऑरियस आहे की एपिडर्मिडिस हे चमकणाऱ्या पीएनए प्रोबने पाहता येतं. तोच गुण: घट्ट बसणं आणि एका अक्षराचा फरकही ओळखणं. चैत्रपालवीने हे लिहिलं नव्हतं म्हणून भर घातली.

आता मला सगळ्यात जास्त काय टोचतं ते. ही औषधं अक्षरानुसार नेमकी असतील, म्हणजे क्लेब्सिएलासाठी बनवलेला रेणू अ‍ॅसिनेटोबॅक्टरवर चालेलच असं नाही. मग डॉक्टरला जिवाणूचं नाव कधी कळायला हवं? पहिल्याच दिवशी. आणि कल्चर-सेन्सिटिव्हिटी हातात यायला साधारण दोन-तीन दिवस जातात. तोवर पेशंटला व्यापक अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं. बरं, नमुना औषध सुरू व्हायच्या आधी घेतलेला असेल तर नशीब. मी मागे एका ठिकाणी काम करत होते तिथे लघवीचा नमुना कॅथेटरच्या पिशवीतून काढून पाठवलेला यायचा. पिशवीत किती तासांचं साचलेलं असतं! तो नमुना नाकारायचा म्हटलं की वॉर्डकडून फोन. नेमकं औषध यायचं असेल तर नेमका नमुना आधी यायला हवा. त्याला कुठलंही नवं रसायन लागत नाही, नळीच्या पोर्टमधून सिरिंजने नमुना घ्यायची शिस्त लागते.

---

डॉ_माहीम | बुधवार, दुपारी २:१०

सूक्ष्मदर्शी, शब्दाशब्दाला सहमत. पिशवीतल्या नमुन्यावर पेशंटला कोलिस्टिन लागलेलं मी पाहिलंय.

---

तर्कसंगत | बुधवार, सायंकाळी ६:२०

लेख आवडला, पण थोडा विरोधी सूर लावतो. २००१ मध्ये ई. कोलाय मेले म्हणता, म्हणजे दोन दशकांहून जास्त काळ लोटला आणि बाजारात शून्य औषधं. फक्त 'पोचवणं' एवढंच कारण आहे का? माझे मुद्दे:

तळाच्या झोपलेल्या पेशी वाढत नाहीत म्हणून पेनिसिलीन चालत नाही असं तुम्हीच लिहिलंत. झोपलेली पेशी प्रथिनंही फारशी बनवत नसेल, मग वाचन अडवून काय साधणार?

दहा अक्षरं म्हणजे फारच छोटा शब्द. माणसाच्या जीनोममध्ये ३०० कोटी अक्षरं आहेत. तो शब्द तिथे हजारो ठिकाणी सापडेल. दुष्परिणामांचं काय?

आणि रेझिस्टन्स. लक्ष्यातलं एक अक्षर बदललं की औषध संपलं.

---

चैत्रपालवी | बुधवार, रात्री ११:०५

तर्कसंगत, असेच प्रश्न हवे होते. सविस्तर लिहिते.

रेझिस्टन्सपासून सुरू करते, कारण त्यात एक अनपेक्षित गोष्ट घडली. लक्ष्यातलं अक्षर बदलून जिवाणू निसटेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. प्रयोगात पेप्टाइड-पीएनएला दाद न देणारे ई. कोलाय सापडले तेव्हा बदल लक्ष्यात नव्हताच, तो एसबीएम-ए नावाच्या वाहक प्रथिनात होता. हे प्रथिन आतल्या पटलात असतं आणि पेप्टाइडचा आधार घेऊन आलेल्या रेणूला आत ओढतं. जिवाणूने ते वाहकच मोडून टाकलं. आणि हे वाहक जिवाणूला जगायला अत्यावश्यक नाही, त्यामुळे ते गमावणं त्याला फारसं महागात पडत नाही. म्हणजे पुन्हा तेच: पोचवणं. पेप्टाइड बदललं तर काही रेणू या वाहकाशिवायही आत जातात, त्यावर काम चालू आहे. लक्ष्यातलं अक्षर बदललं तर रेणूचं तेवढं अक्षर बदलून नवा बनवता येतो. पेनिसिलीनच्या रेणूत असा बदल करायला किती वर्षं लागायची! वाहकाचा प्रश्न मात्र अक्षर बदलून सुटत नाही, म्हणून मला तोच खरा अडसर वाटतो.

दहा अक्षरांचा हिशोब करूया. चार अक्षरांपासून दहा अक्षरी शब्द बनतात १०,४८,५७६. ई. कोलायचा जीनोम सुमारे ४६ लाख अक्षरांचा. म्हणजे कुठलाही दहा अक्षरी शब्द त्याच्या एका धाग्यावर योगायोगाने चार-पाच वेळा येणारच. पण तो एम-आरएनएच्या मधे कुठेतरी बसला तर वाचत चाललेला रायबोसोम सहसा त्याला बाजूला सारून पुढे जातो. अडथळा होतो तो वाचनाच्या सुरुवातीपाशी. सुमारे ४,३०० जनुकं, प्रत्येकाच्या सुरुवातीचा ३० अक्षरांचा पट्टा धरला तर १ लाख २९ हजार अक्षरं. तिथे चुकून दुसरी जुळणी होण्याची शक्यता साधारण आठात एक. संगणकाने ती आधीच टाळता येते. आठच अक्षरं घेतली तर हीच जुळणी सरासरी दोन ठिकाणी येते, आणि बाराच्या वर गेलं की रेणू जड होऊन आत शिरत नाही. म्हणून सगळे नऊ ते बाराच्या आसपास घुटमळतात.

माणसाच्या पेशींत सुरुवातीच्या पट्ट्यांचा, शिवाय आरएनएची कापाकापी-जोडणी होते त्या जागांचा असाच हिशोब प्रत्येक रेणूसाठी करावा लागतो आणि पेशींवर तपासावा लागतो, यात सूट नाही. पण आजवरचा त्रास मुख्यतः जोडलेल्या पेप्टाइडमुळे झालेला दिसतो. जिवाणूच्या पटलात घुसणारं धनभारित, चरबीशी सलगी करणारं पेप्टाइड डोस वाढला की आपल्या पेशींच्या पटलालाही इजा करतं.

झोपलेल्या पेशींबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. अत्यावश्यक जनुक बंद करून त्या पटकन मरणार नाहीत. म्हणूनच मला थर जुना होण्याआधी काम करणारे रेणू जास्त महत्त्वाचे वाटतात: एपिडर्मिडिसमध्ये आयसीए जनुकसमूह आहे, जो चिकट बहुशर्करा बनवतो. कॅथेटर बसवल्यापासून पहिले काही दिवस ते गप्प राहिलं तर थर धरायलाच वेळ लागेल. आणि आधीच धरलेल्या थरात डीएनए आहेच, तर डीएनए कापणारं विकर आधी देऊन वाट मोकळी करता येते. असं विकर, डॉर्नेज अल्फा, सिस्टिक फायब्रोसिसच्या पेशंटना कफ पातळ करायला १९९३ पासून देतात. आणि गंमत म्हणजे ते पीएनएला हात लावत नाही!

---

मुलुंडकर | गुरुवार, सकाळी ८:००

डॉक्टर, मनापासून आभार. सर्जनना विचारायची यादी काढली आहे.

चैत्रपालवी, पीएनए कापलं जात नाही आणि विकर थर कापतं, हे वाचून खरंच थरारलो.

---

माटुंगा_रसायन | गुरुवार, दुपारी १२:४५

मी आयुष्यभर पेप्टाइडं बनवली, म्हणून बनवण्याच्या बाजूचं लिहितो.

पीएनए आणि पेप्टाइड दोन्ही अमाइड बंधांची. त्यामुळे पेप्टाइड बनवायच्या त्याच यंत्रावर, त्याच रेझिनवर, आधी पेप्टाइड आणि सलग पुढे पीएनए असं एका दमात बांधता येतं. वेगळं जोडायची पायरी नाही. मॉर्फोलिनोचं रसायन निराळं आहे, तिथे पेप्टाइड नंतर जोडावं लागतं. पण पीएनएचा एक त्रास आहे: जी आणि ए ही अक्षरं जास्त असली की साखळ्या एकमेकींना चिकटतात, जोडणी अर्धवट राहते, शुद्धीकरणात माल वाया जातो आणि जे हाती येतं ते पाण्यात नीट विरघळत नाही. यावर पुण्यात खूप काम झालंय. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश आणि वैजयंती कुमार यांनी पीएनएच्या कण्यात बदल करून तो ताठर करायचे, धनभारित करायचे प्रयोग अनेक वर्षं केले. गणेश पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेचे पहिले संचालक झाले. त्यामुळे 'हे तिकडचं विज्ञान' असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या दुसऱ्या टोकाला ते घडलंय.

पेप्टाइडच्या बाबतीत एक सुचवतो. आपल्या रक्तातली विकरं ते तोडतात, पीएनए टिकतं पण त्याला आत नेणारं टिकत नाही. उलट्या घडणीची, म्हणजे डी-अमिनो आम्लं वापरली तर ते तुटत नाही. महाग पडतं, पण दहाच घटक आहेत.

---

वरळीची_मीनल | गुरुवार, दुपारी ३:३०

आतापर्यंत फक्त वाचत होते. घरात टीबीचा पेशंट होऊन गेलाय, औषधांना दाद न देणारा. टीबीवर हे चालेल का? आणि किंमत? स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीचं ते अँटिसेन्स औषध कोट्यवधी रुपयांचं आहे असं वाचलं, लोक वर्गणी गोळा करतात.

---

चैत्रपालवी | गुरुवार, रात्री ९:२०

मीनल, तुमच्या घरचा पेशंट बरा झाला असेल अशी आशा करते.

टीबीवर सगळ्यात कठीण आहे, हे स्पष्टच सांगते. जंतूभोवती मायकॉलिक आम्लांची मेणचट भिंत, आणि तो स्वतः आपल्या पांढऱ्या पेशींच्या आत बसलेला. आधी आपली पेशी ओलांडायची, मग त्याची भिंत. प्रयोगशाळेत काम चालू आहे, पण शिवडीच्या टीबी रुग्णालयाच्या वॉर्डात ते कधी पोचेल याबद्दल मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही.

किमतीबद्दल: तुम्ही म्हणता ते नुसिनर्सेन, २०१६ ला मान्य झालेलं. ते दुर्मिळ आजारावर आणि पुढे आयुष्यभर द्यायचं असतं, कंपनी किंमत त्या हिशोबाने लावते. अँटिबायोटिक चौदा दिवसांचं. पण म्हणूनच कंपन्या इकडे फिरकत नाहीत. अमेरिकेत एका कंपनीचं प्लाझोमायसिन जून २०१८ ला मान्य झालं आणि एप्रिल २०१९ ला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नवं अँटिबायोटिक जपून वापरायचं असतं, म्हणजे ते कमी खपावं हेच आपल्या हिताचं, आणि कमी खपलं की बनवणारा बुडतो. इंग्लंडमध्ये २०२२ मध्ये सरकारने आधी दोन अँटिबायोटिक्ससाठी किती बाटल्या लागल्या ते न बघता वार्षिक रक्कम द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे वोखार्टचं नॅफिथ्रोमायसिन बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेच्या मदतीने आलं, २०२४ मध्ये. सार्वजनिक पैसा घातला तर अँटिबायोटिक इथे बनतं, एवढं त्यातून दिसतं.

माझं मत विचाराल तर पहिलं औषध इंजेक्शनचं असू नये. मूत्राशय, जखम, नेब्युलायझरने फुफ्फुस, अशा थेट पोचता येणाऱ्या जागा आधी घ्याव्यात. साधं पीएनए रक्तात दिलं तर मूत्रपिंडं ते झटपट लघवीत टाकून देतात. इतर संसर्गांत हा दोष आहे, लघवीच्या संसर्गात तोच उपयोगी पडू शकतो.

---

डॉ_माहीम | गुरुवार, रात्री १०:००

शेवटचा परिच्छेद फार पटला. एक अडचण मात्र मूत्राशयाचीच: ई. कोलाय तिथल्या अस्तराच्या पेशींच्या आत शिरून गठ्ठे करून राहतो, आणि कोर्स संपल्यावर बाहेर येतो. मूळ प्रश्नातला परत आलेला ताप कदाचित तोही असेल. तुमचा रेणू लघवीत असून चालणार नाही, त्या पेशीच्या आत जायला हवा.

---

माटुंगा_रसायन | गुरुवार, रात्री १०:३५

डॉक्टर, माणसाच्या पेशीत शिरणारी पेप्टाइडं वेगळी आहेत, त्यात आर्जिनिन भरपूर असतं. एकाच साखळीत दोन्ही गुण बसवता येतील का याचे प्रयत्न झालेत. लांबी वाढते, वजन वाढतं, आणि मग बाह्य पटलापाशी पुन्हा गाडी अडते. तरी करून बघण्यासारखं आहे. चैत्रपालवी, तुमच्याकडे मूत्राशयाच्या पेशींचं कल्चर असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एसीपी-पी विरुद्धचा रेणू दोन-तीन वेगवेगळ्या पेप्टाइडांना जोडून बघायचा असेल तर बनवण्याचं मी पाहतो.

---

चैत्रपालवी | गुरुवार, रात्री १०:५०

आहे. व्यनि करते. सूक्ष्मदर्शी, तुमच्याकडच्या कॅथेटरवरून मिळालेल्या ई. कोलायचे दोन-चार नमुने, पोर्टमधून घेतलेले, संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी काढून मिळतील का? प्रयोगशाळेतला पाळीव जिवाणू थर नीट धरत नाही.

---

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, सकाळी ७:४०

परवानगीचा अर्ज सोमवारी टाकते. एसबीएम-ए शाबूत आहे का ते पीसीआरने आधी बघूनच पाठवेन, नाहीतर तुमचा रेणू चालला नाही तर दोष कुणाचा ते कळणार नाही.